गोठ्याचे दगड

भिंत चांगली झाली आहे, हे आधीच सांगून टाकते. पावसाळा निघाला, कुठे फुगवटा नाही, तडा नाही, खालच्या अंगणात पाण्याचा थेंब गेला नाही. इंजिनिअर म्हणाला होता तसंच झालं. ती पडली असती, निदान बोटभर भेग तरी गेली असती, तर मला बरं वाटलं असतं. ‘बघा, आप्पांचंच खरं होतं’ असं चारचौघांत म्हणून मी मोकळी झाले असते. पण भिंतीने माझ्यासाठी तेवढंही केलं नाही.

आमचं घर मुखेडला, गावाबाहेरच्या माळाच्या उतारावर. मी शाळेत विज्ञान शिकवते, नवऱ्याचं पंपाच्या जळालेल्या मोटारी बांधून द्यायचं दुकान आहे. घर बांधलं तेव्हा मागे सपाट अंगण पाहिजे असा हट्ट मी धरला आणि उतारावर भर घातली. भर कशाची, तर काळ्या मातीची. काळी माती पावसात भिजवलेल्या डाळीसारखी फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, हे मी वर्गात दरवर्षी शिकवते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. या मातीला अडवायला आम्ही विटांची भिंत घातली होती. त्याआधीच्या पावसाळ्यात तिला पोट आलं.

भिंतीच्या पलीकडे, पुरुषभर खाली, आमच्या शेजारीण आपांचं अंगण. आपा कपडे शिवतात, त्यांचे यजमान बाजारात चपलांचं दुकान चालवतात, आणि त्यांची नातवंडं नेमकी त्या भिंतीच्या सावलीत खेळतात. एके दिवशी आपा खालून म्हणाल्या, “भाभी, तुमची दीवार आमच्याकडे वाकून बघून राहिली.” हसतच म्हणाल्या, पण नातवंडांना त्या दिवसापासून त्यांनी पुढच्या दारी बसवलं. मग मात्र आम्ही भिंतीचं मनावर घेतलं.

आता आप्पांबद्दल. आप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर जळकोटजवळच्या गावात ते एकटेच राहिले. मला भाऊ नाही. मी त्यांना इकडे आणलं, पण सहजासहजी आले नाहीत. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, या जुन्या मताचे ते. माझं लग्न झालं तेव्हापासून आले की पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली असायची. नातू झाल्यावर ती बाटली सुटली, पण संकोच सुटला नाही. आमच्याकडे राहायला आले तेव्हाही पाहुण्यासारखे खाटेच्या कडेवर बसायचे. वीजबिल भरायला जायचे, गिरणीत दळण न्यायचे, नातवाच्या सायकलीत हवा भरायचे. फुकट बसून जेवणं त्यांना जमत नव्हतं.

आयुष्यभर ते एसटीत कंडक्टर होते, मुखेड-उदगीर आणि मुखेड-नांदेड या मार्गांवर. त्यांची स्मरणशक्ती हा आमच्या घरातला एक चेष्टेचा आणि अभिमानाचा विषय. ते म्हणायचे, “माणूस तोंडावरून ध्यानात न्हाई ऱ्हात. थांब्यावरून ऱ्हातो.” आपांना पहिल्यांदा भेटले तेव्हा माहेर विचारलं आणि लगेच म्हणाले, “म्हंजे फाट्यावरल्या लिंबाखालून चढायचे तुमचे अब्बा. हातात कायम कापडाचं गाठोडं. खिडकीचीच जागा पाहिजे.” आपांच्या डोळ्यांत पाणीच आलं. अब्बा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तेव्हापासून ईदचा शीरखुर्मा आधी ‘चाचां’ना वर येतो, आम्हाला नंतर.

भिंतीसाठी नांदेडहून इंजिनिअर आला. त्याने मापं घेतली, कोपऱ्यात खड्डा घेऊन मुरूम कुठे लागतो ते पाहिलं आणि आमच्यापुढे सगळे पर्याय मांडले. काळा दगड टिकाऊ, पण त्याचा पाया रुंद लागतो, अंगण खाऊन टाकतो, आणि दगडाचं काम मनापासून करणारे मिस्त्री आता शोधावे लागतात. विटांचा अनुभव घेतलाच होता. तारेच्या जाळीत दगड भरून रचतात तशी भिंत छान दिसते, पण तिलाही जागा लागते. सगळ्यात बरं म्हणजे मुरमापर्यंत पाया, लोखंड टाकून खांब, मध्ये सिमेंटचे भरीव ब्लॉक. मागची काळी माती काढून तिथे मुरूम आणि खडी. पाणी निघून जायला भिंतीत पाइप, आणि ते पाणी आपांच्या अंगणात नको म्हणून पायथ्याशी रस्त्यापर्यंत नाली. “भिंत मातीनं नाही पडत मॅडम, तुंबलेल्या पाण्यानं पडते,” असं म्हणून तो चहा पिऊन गेला. आम्हाला पटलं. नवऱ्याने ब्लॉकवाल्याला इसार देऊन टाकला.

घरी येताना नवरा म्हणाला, “मामांच्या कानावर घाल. घरात मोठं माणूस आहे, न विचारता केलं असं वाटायला नको.” आमच्याकडे ही रीतच आहे. ठरवायचं आपण आणि मग मोठ्यांना विचारायचं. लग्नाची तारीख असो की बोअरची जागा, विचारण्यात मान असतो, उत्तराची कुणी वाट बघत नाही. मोठ्यांनाही ते माहीत असतं. ते ‘हाव, करा’ म्हणतात आणि सुपारी फोडतात. यात कुणी कुणाला फसवत नाही. मी मात्र फसवलं.

मी आप्पांकडे गेले ती ‘ब्लॉक ठरलेत’ हेच सांगायला. ते भिंतीच्या पोटाला हात लावून उभे होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “बाई, भिंत करून राहिले ना तुमी? मग आता वीट नको. दगड घे. दगडाचा जिम्मा माझ्याकडं.” तो ‘जिम्मा’ शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा असा झाला, की आई गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. मी म्हणाले, “बघू ना आप्पा. तुम्हीच सांगा कोणता दगड घ्यायचा.”

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, “सांगितलंस का?”

“सांगितलं.”

“काय म्हणाले?”

“हो म्हणाले. ब्लॉकच बरे म्हणाले.”

एवढंच. असं खोटं मी रोज बोलते. शाळेत, बाजारात, फोनवर. उद्या सांगू, परवा सांगू, ब्लॉक यायला अजून वेळ आहे, असं मनाशी म्हणत राहिले.

आणि पुढचे दिवस आम्ही बापलेक दगड बघत फिरलो. शाळा सुटली की स्कूटीवर मागे आप्पा. जळकोट रस्त्यावरच्या खदानीत गेलो. आप्पांनी दगडावर दगड आपटून आवाज ऐकला, ओला करून रंग पाहिला, खदानवाल्याच्या बापाचा थांबा सांगितला आणि त्याच्याकडून चहा उकळला. उदगीरकडचा तांबडा दगड कुणाच्या कंपाउंडला लावलाय तोही पाहून आलो. “दिसाय चांगला हाय, पर आपल्या कामाचा न्हाई,” असा निकाल झाला. एका रविवारी तर एसटीने मुदखेडला गेलो. तिथे रेल्वेच्या हद्दीला एक जुनी दगडी भिंत आहे, ती दाखवायची होती त्यांना. कंडक्टर असताना सुटीच्या दिवशी मुद्दाम जाऊन बघितली होती म्हणे. आम्ही भिंतीला पाठ लावून बसलो आणि कागदातली गरम भजी खाल्ली. आप्पा आईबद्दल बोलले. ती गेल्यापासून पहिल्यांदाच बोलले.

मला ते दिवस फार आवडत होते, हे कबूल करायला लाज वाटते. मी काही स्वतःचं मन मारून त्यांचं मन राखत नव्हते. मला मजा येत होती. लहानपणी त्यांच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसवून न्यायचे, तसं पुन्हा वाटत होतं. ते सगळं एका खोट्यावर उभं आहे हे मला ठाऊक होतं आणि तरी मी पुढच्या रविवारी कुठे जायचं ते विचारत होते.

एका सकाळी ब्लॉकची गाडी आली. ती नेमकी केव्हा येणार हे नवऱ्याने सांगितलं नव्हतं. गाडी गल्लीत मागे येत होती, तोच तिच्या मागून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. ट्रॅक्टर आप्पांच्या पुतण्याचा, थेट गावाकडचा. ट्रॉलीत काठोकाठ काळे दगड. त्याने खाली उडी मारून आप्पांच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, “आणले बघा काका. पुरा गोठा उतरवला. चारी भिंती.”

आमचा गोठा. जनावरं विकल्याला किती काळ लोटला, शेत वाट्याने दिलेलं, राहतं घर भाऊबंदांच्या वाटणीत गेलेलं. गावात आप्पांच्या नावाचं उभं असं तेवढंच राहिलं होतं. आजोबांनी रचलेले दगड. ते त्यांनी फोन करून उतरवून घेतले होते. मला आधी सांगायचं नाही, दारात आणून उभे करायचे, असा त्यांचा बेत होता. मला चकित करायचं होतं.

गल्ली जमली. आपा खालून वर आल्या. ब्लॉकवाला ओरडत होता, ट्रॅक्टर हलवा. नवऱ्याला काही कळेना. तो चांगला माणूस आहे, आवाज न चढवता त्याने विचारलं, “मामा, हे काय? ब्लॉक ठरलेत म्हणून तुम्हाला हिनं सांगितलं होतं ना? तुम्ही हो म्हणालात ना?”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या क्षणी बोलायला हवं होतं. एक वाक्य. ‘मी सांगितलंच नव्हतं.’ गल्लीतली माणसं होती, नवरा होता, पुतण्या होता, आणि मी, पाचपन्नास पोरांसमोर रोज तासन्‌तास बोलणारी बाई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले.

“हाव,” आप्पा म्हणाले. “सांगितलं होतं की बाईनं. माझ्याच ध्यानातून गेलं बघा.” आणि हसले. “वय झालं पाव्हणं.”

मग पुतण्याकडे वळून म्हणाले, “वापस ने बाबा. तुला उगीच तरास झाला.” पुतण्या म्हणाला, “वापस कुठं नेऊ काका? गोठा तर पाडला.” आप्पा म्हणाले, “जागेवर टाक. पुढं बघू.” ट्रॅक्टर गेला. आप्पांनी ब्लॉक उतरवणाऱ्यांना पाणी नेऊन दिलं.

संध्याकाळी ते एकटे असताना मी त्यांच्या खोलीत गेले. माफी मागायलाच गेले होते. त्यांनी मला बोलू दिलं नाही. “ब्लॉक मजबूत दिसून राहिले,” म्हणाले. “इंजिनिअर हुशार हाय.” मी रडायला लागले तर म्हणाले, “जा, पाव्हण्याला जेवायला वाढ.” मी गेले आणि वाढलं. नवरा जेवताना म्हणाला, “मामांकडे लक्ष द्यायला पाहिजे गं. एवढी मोठी गोष्ट विसरले.” मी भाकरी मोडत हूं म्हणाले.

त्या ‘हूं’पासून आप्पांचं एकेक काम सुटत गेलं. कुणी दुष्टपणे काढून घेतलं नाही, सगळं काळजीपोटी झालं. वीजबिल मुलगा मोबाइलवर भरायला लागला. दळण न्यायला नवरा स्वतः गेला, “राहू द्या मामा, डबा तिथंच विसराल.” गॅसला हात लावायचा नाही. बाहेर पडताना खिशात आमच्या फोन नंबरची चिठ्ठी. आणि आप्पा तसे वागत गेले. चष्मा डोक्यावर असताना चष्मा शोधायचे. नातवाला दोनदा एकच गोष्ट सांगायचे. पहिल्यांदा मला वाटलं, खरंच का? मग लक्षात आलं की हे सगळं जावई घरात असतानाच होतं. तो दुकानात गेला की आप्पांना माझ्या शाळेचं वेळापत्रकसुद्धा तासांसकट पाठ असायचं.

आपांना मात्र पटलं नव्हतं. भिंतीचं काम चालू असताना एकदा त्या मिस्त्रीला चहा द्यायला आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भाभी, चाचा भूले? उनो? मेरे अब्बा की सीट याद है उनको, और गए हफ्ते की बात भूले?” मी म्हणाले, “वय झालंय आपा, होतं असं.” त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि कप उचलून गेल्या. खाई त्याला खवखवे. त्या दिवसापासून मी मागच्या अंगणात जायचं टाळायला लागले.

भिंत पूर्ण झाली तेव्हा नवऱ्याने आप्पांच्या हातून नारळ फोडला. मान दिलाच पाहिजे. मग तोच म्हणाला, नांदेडला मेंदूच्या डॉक्टरला एकदा दाखवून आणू, वेळेत कळलेलं बरं. मी नको म्हणू शकले असते. कारण काय सांगणार होते?

डॉक्टर तरुण होता, प्रेमाने बोलत होता. आम्ही दोघं नवराबायको आप्पांच्या दोन्ही बाजूंना बसलो होतो. त्याने वार विचारला. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि म्हणाले, “रविवार असंल.” बुधवार होता, सकाळी बसस्टँडवर त्यांनीच मला सांगितलं होतं की आज बुधवार, उदगीरचा बाजार, गाडीला गर्दी असेल. डॉक्टरने तीन वस्तूंची नावं सांगून थोड्या वेळाने विचारली. आप्पांनी एक सांगितली आणि हात हलवले. “केव्हापासून होतंय असं?” डॉक्टरने मला विचारलं. आप्पाच म्हणाले, “भिंतीच्या टायमापासनं.”

कसलाही दोष देऊन ते बोलले नव्हते. विचारलं म्हणून सांगितलं. डॉक्टरने मान हलवली आणि गोळ्या लिहून दिल्या.

येताना एसटीत आप्पा खिडकीशी, मी शेजारी, नवरा पुढच्या सीटवर. त्यांचे ओठ हलत होते. मी कान दिला. गाडी पोचायच्या आधी ते थांब्याचं नाव पुटपुटत होते. कृष्णूर. नायगाव. नरसी. मधले फाटे, वस्त्या, आता जिथे गाडी थांबतही नाही ती एकेक झाडं, क्रमाने, एकही न चुकता. मुखेडचे दिवे दिसले, नवरा उठून पिशवी काढायला लागला, तसे आप्पा गप्प झाले. मग त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यांनी मला विचारलं, “आलं का गं आपलं गाव?”

“आलं,” मी म्हणाले आणि त्यांचा हात धरून त्यांना उतरवलं.

मधे एका लग्नाला गावी गेले होते. गोठ्याच्या जागी दगडांचा ढीग आहे, त्यावर रानवेल चढली आहे. पुतण्या म्हणाला, “काकाला इचारा ना ताई, या दगडांचं काय करायचं.” मी विचारते म्हणाले. अजून विचारलेलं नाही. या वेळी उत्तर खरंच हवं आहे आणि आप्पा काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. ‘मला काय इचारून राहिलीस बाई, माझ्या काय ध्यानात ऱ्हातंय.’

परवा सकाळी ते मागच्या अंगणात नव्या भिंतीला टेकून बसले होते. हातात गोळी होती. नवरा आत दाढी करत होता. मी जवळ गेले आणि हळू म्हणाले, “आप्पा, ही गोळी नका घेऊ. तुम्ही काहीच विसरलेले नाही.”

“मला म्हाईत हाय की.”

“मग?”

“पाव्हण्याला न्हाई म्हाईत.”

मी म्हणाले, “मी सांगते त्यांना. आत्ता जाऊन सांगते.” खरंच सांगणार होते, असं मला वाटतं. आप्पा माझ्याकडे बघत राहिले. घाई केली नाही, अडवलं नाही. वाट बघत होते. कंडक्टर घंटीच्या दोरीवर हात ठेवून उतरणाऱ्याची वाट बघतो तसे. आतून नवऱ्याचा आवाज आला, “मामांनी गोळी घेतली का गं?”

मी उठले नाही. आप्पांनी गोळी तोंडात टाकली आणि हात पुढे केला. मी पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला.